वातानाबेंनी राजीनामा दिला नाही

पत्राचा सारांश: ठाण्यात राहणारे एक वाचक, वय 53. जवळच्या एका महापालिकेत मालमत्ता कर विभागात मुख्य लिपिक. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली, पाच उरली आहेत. गेल्या वर्षी शेजारच्या टेबलवरचे सहकारी निवृत्त झाले आणि चार महिन्यांत गेले. ‘रिटायर झालो की बघू’ हे त्यांचं पालुपद होतं. त्याच दिवसांत भाच्याने सुचवला म्हणून या वाचकांनी अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’ हा जुना जपानी चित्रपट मोबाइलवर पाहिला. तेव्हापासून रोज रात्री झोपण्याआधी ते त्यातला झोपाळ्याचा प्रसंग लावतात. ‘इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपल्या हातूनही काही होऊ शकेल,’ असं ते लिहितात. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी आणि मुलांसाठी काहीतरी सुरू करावं, असं त्यांच्या मनात आहे. घराचं कर्ज चार वर्षं बाकी, मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला. पत्नी म्हणते, ‘रोज रात्री त्या म्हाताऱ्याला मारून झोपता, आता नोकरीही मारणार का?’ एका सिनेमाच्या जोरावर एवढा निर्णय घेणं वेडेपणा आहे का, असं ते विचारतात.

नमस्कार.

तुमच्या पत्नीचं वाक्य वाचून मला हसू आलं. हे त्यांना सांगितलंत तरी हरकत नाही. त्यांच्या बोलण्यात राग आहे तसा मुद्दाही आहे, त्याकडे मी येईनच.

आधी तुमचा प्रश्न. नाही, वेडेपणा नाही. आपल्याकडे माणसं नोकरी, लग्न, जागा असले निर्णय कुणाच्या तरी मेव्हण्याच्या सल्ल्याने घेतात, तेव्हा त्याला कुणी वेडेपणा म्हणत नाही. कीर्तनातला एखादा अभंग मनाला लागला आणि दारू सुटली, अशी माणसं गावोगाव असतात. गडकरी रंगायतनला प्रयोग सुटल्यावर लगेच रिक्षा न पकडता तलावपाळीला एक फेरी मारूनच घरी जाणारे लोक तुम्ही ठाण्यात पाहिले असतील. त्यांच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेव्हा सिनेमाने हलवलं याची लाज बाळगू नका. माझी शंका वेगळी आहे. ज्या सिनेमाच्या जोरावर तुम्ही नोकरी सोडायला निघालात, त्यातला नायक नोकरी सोडतच नाही.

ज्यांनी ‘इकिरू’ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेवट फोडावा लागणार, इलाज नाही. 1952 चा सिनेमा. कांजी वातानाबे हे टोकियोतल्या एका नगर कार्यालयात नागरिक विभागाचे प्रमुख. नोकरीला तीस वर्षं व्हायला थोडेच दिवस उरलेत, एकही रजा नाही, आणि एवढ्या काळातलं काम म्हणजे कागदांवर शिक्का उठवणं. सिनेमा सुरू होतो तोच त्यांच्या पोटाच्या एक्स-रेवर, त्यामुळे कॅन्सर आपल्याला आधी कळतो, त्यांना नंतर. डॉक्टर खोटंच सांगतात की साधा अल्सर आहे. पण बाहेर बसलेल्या एका आगाऊ पेशंटने डॉक्टर नेमकं काय खोटं बोलतात ते आधीच सांगून ठेवलेलं असतं. मग बँकेतून पैसे काढून एक रात्र दारू, नाच, बार. (हा भाग मला लांबलेला वाटतो. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, म्हणजे तुम्हीही तो पुढे ढकलत असणार.) मग ऑफिसातली तरुण तोयो भेटते. आणि मग तो अर्ज. एका वस्तीतल्या बायकांनी दिलेला, की आमच्याकडचं सांडपाण्याचं डबकं बुजवा आणि तिथे मुलांसाठी बाग करा. सिनेमाच्या सुरुवातीला हा अर्ज खिडकी खिडकी फिरून पुन्हा पहिल्या खिडकीवर आलेला आपण पाहिलेला असतो. वातानाबे तो उचलतात, बाग होते, आणि बर्फ पडत असताना तिथल्या झोपाळ्यावर गाणं म्हणत ते जातात.

तुम्ही रोज पाहता तो हा झोपाळा. जरा मागे या.

चहाच्या दुकानात तोयोसमोर बसलेले असताना वातानाबेंना सुचतं की अजून उशीर झालेला नाही. पलीकडे कुणाच्या तरी वाढदिवसाची गडबड चालू आहे. ते घाईघाईने जिना उतरतात. नंतर कुठे दिसतात? आपल्याच टेबलाशी. ढिगातून तो अर्ज काढतात आणि जागा बघायला निघतात. तुमच्या भाषेत, स्थळपाहणी.

पुढचे पाच महिने ते काय करतात? बांधकामवाल्यांच्या, उद्यानवाल्यांच्या, वित्तवाल्यांच्या दारात जाऊन बसतात. मान खाली घालून उभे राहतात. हाकललं की पुन्हा येतात. उपमहापौर सांगतात विषय सोडा, तरी सोडत नाहीत. गुंड दमदाटी करून जातात. एक सहकारी विचारतो, एवढा अपमान होतोय, तुम्हाला राग कसा येत नाही? ते म्हणतात, माणसांचा राग करत बसायला माझ्याकडे वेळ नाही. हे सगळं ज्याने तीस वर्षं कागद अडवले त्यालाच जमणारं होतं. बाहेरच्या कुणा भल्या समाजसेवकाच्या हातून ती बाग झाली नसती, कारण कागद कुठल्या टेबलावर मरतो हे त्याला ठाऊकच नसतं.

तुम्हाला ते ठाऊक आहे. पगार आणि पीएफ सोडला तर अठ्ठावीस वर्षांत तुम्ही कमावलेली तेवढी एकच गोष्ट आहे, आणि स्वेच्छानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तिची किंमत शून्य होते. त्या दिवसापासून तुम्ही खिडकीच्या बाहेरचे.

पत्रात तुम्ही नोकरीच्या कंटाळ्याचं उदाहरण म्हणून एका आजींचं प्रकरण लिहिलं आहे. पती वारल्यावर कराच्या बिलावर आपलं नाव चढवून हवंय, आठ महिने फेऱ्या मारताहेत. मेडिकलच्या दुकानाच्या पिशवीत मृत्यू दाखला आणि जुनी बिलं, वरून रबर लावलेलं. लिफ्टची भीती वाटते म्हणून जिना चढून येतात, आधी बाकावर टेकतात, दम खातात, मग टोकन घेतात. ‘असल्या कामात आयुष्य गेलं,’ असं तुम्ही पुढे लिहिता. आता तुमचंच पत्र परत वाचा. मुलांसाठी काय करायचं यावर त्यात दीड ओळ आहे, तीही ‘वाचनालय, खेळघर वगैरे’ अशी. या आजींवर अर्धं पान आहे. पिशवीवरचं रबरसुद्धा तुमच्या ध्यानात राहिलं. ज्या कामात मन उरलेलं नाही असं तुम्ही म्हणता, त्यातलं इतकं बारीक कसं काय दिसतं तुम्हाला?

आठ महिने का लागले तेही तुम्हीच सांगितलंय. आधीच्या लिपिकाने त्रुटी एकेक करून काढल्या. दाखल्याची साक्षांकित प्रत आणा. ती आणली, आता इतर वारसांची ना हरकत आणा. तीही आणली, आता परगावच्या मुलाची सही वेगळ्या कागदावर. नियमाला धरून सगळं बरोबर, आणि तरीही ही टोलवाटोलवीच. तुमच्या हातात यातलं पुष्कळ आहे. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात, ठळक अक्षरात, सोप्या मराठीत लिहून द्या, खाली ‘एवढी कागदपत्रं आणलीत की अर्ज पूर्ण होईल’ अशी ओळ आणि तुमची सही. विभागात असा छापील नमुना नसेल तर तुम्हीच तयार करा. त्याला ना निधी लागतो ना सभेचा ठराव. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या 2005 च्या कायद्यात फाइल एका टेबलावर साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं म्हटलं आहे, आणि 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदती घालून दिल्या आहेत. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. मुदतींचा तो तक्ता तुमच्या कार्यालयात कुठल्या कपाटामागे लावलाय तेही माहीत असेल.

सुरुवातीचा एक बारीक प्रसंग तुमच्या नजरेतून सुटला असेल तर सांगते. वातानाबे ड्रॉवर उघडतात. आत जुन्या कागदांची चळत. त्यात त्यांनीच कधीकाळी लिहिलेला, कार्यालयाचं काम अधिक चांगलं कसं होईल याचा प्रस्ताव असतो. त्याचं एक पान ते टरकावतात, त्याने शिक्का पुसतात आणि पान टोपलीत टाकतात. नोकरीला लागलात तेव्हा तुमच्या डोक्यातही असलं काहीतरी असेल. ते काय होतं, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय. तुमच्या खेळघरापेक्षाही जास्त.

आणि आता तो भाग, जो तुम्ही बहुधा पाहतच नाही, कारण तुम्ही झोपाळ्याचा प्रसंग तेवढा लावता. नायक गेल्यावरही सिनेमा संपत नाही. 143 मिनिटांपैकी शेवटचा जवळजवळ एक तृतीयांश भाग त्यांच्या घरच्या शोकसभेचा आहे. बागेचं श्रेय वरच्यांनी घेतलेलं असतं. सहकारी दारू पीत एकेक आठवण काढतात, हळूहळू त्यांना उलगडतं की हा माणूस मरणार हे जाणून कामाला लागला होता. मग रडारड, मग शपथा: उद्यापासून आपणही असंच काम करायचं! दुसऱ्या दिवशी कार्यालयात नवा अर्ज येतो आणि नवे प्रमुख तो शांतपणे दुसऱ्या विभागाकडे पाठवतात. एक जण तेवढा उठून उभा राहतो. कुणीच काही बोलत नाही. तोही खाली बसतो आणि कागदांच्या ढिगामागे दिसेनासा होतो. प्रेरणादायी म्हणून आपल्याकडे सकाळी सकाळी जे फॉरवर्ड होतं त्यात असला प्रसंग कधी नसतो. कुरोसावांनी तो घातला, म्हणून मला हा सिनेमा खरा वाटतो.

तुम्ही रोज रात्री पाहता, डोळे भरून येतात, मनाशी काही ठरवता, आणि सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीबरोबर ढकलले जाता. तुम्ही वातानाबेंच्या त्या पाच महिन्यांत आहात की शोकसभेतल्या त्या रात्रीत? प्रश्न टोचणारा आहे, पण सिनेमानेच विचारलेला आहे.

इथे ज्यांचा ज्यांचा असा एखादा सिनेमा आहे त्यांनाही सांगते. आपण पुन्हा पुन्हा कुठला प्रसंग लावतो हे सगळ्यांना पाठ असतं. कुठला प्रसंग पुढे ढकलतो तेही एकदा बघा. नेरुळच्या एका बाईंनी मागे लिहिलं होतं की लाडक्या सिनेमातलं मायलेकींचं भांडण त्या कधीच पाहत नाहीत, चहा टाकायला उठतात. पुढच्याच परिच्छेदात आईशी बोलणं बंद असल्याचं होतं.

तुमच्या पत्रातही असंच काहीतरी झालंय असं मला वाटतं. वातानाबेंवर दोन पानं आणि शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्यांवर दोन ओळी. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्लात, ते गेल्यावर त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर नव्या माणसाने बसायला किती वेळ लागला? ऑफिसात अशा वेळी दोन मिनिटं उभं राहतात आणि मग टपाल येतं. सहकाऱ्यासाठी तिथे रडता येत नाही. जपानी माणसासाठी रात्री, कानात इयरफोन घालून रडता येतं. मला वाटतं तुमचे बरेचसे अश्रू त्यांचे आहेत, आणि ‘आत्ताच नोकरी सोडतो’ ही घाईसुद्धा त्यांच्या जाण्यातून आलेली आहे. एकदा त्यांच्या घरी जाऊन या. वहिनींना विचारा, कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं का, कुठला कागद अडलाय का. यातलं तुम्हाला कळतं आणि त्यांना बहुधा कळत नसेल.

घाईबद्दल आणखी एक. वातानाबेंची निकड तुम्हाला उसनी घेता येणार नाही. त्यांच्याकडे महिने होते, तुमच्याकडे पाच वर्षं आहेत, कर्जाचा हप्ता आहे आणि आर्किटेक्चरची फी आहे. ज्याला तुमच्या पत्नी म्हातारा म्हणतात तो नट, ताकाशी शिमुरा, तेव्हा पन्नाशीचाही नव्हता. दोनच वर्षांनी तो कुरोसावांच्या सिनेमात सात लढवय्यांचा म्होरक्या झाला. म्हणजे तो वाकलेला म्हातारा तुमच्यापेक्षा वयाने लहान आहे.

तुम्ही म्हणाल, तोयोने तर राजीनामा दिला! खरंय, आणि ती चुकलेली नाही. राजीनाम्यावर वातानाबेंचा शिक्का हवा म्हणूनच ती त्यांच्याकडे येते. खेळण्यांच्या कारखान्यात उड्या मारणारे ससे बनवते आणि त्यात खूश आहे. पण ती तरुण आहे, तिच्या जिवावर कुणाचं शिक्षण चाललेलं नाही, आणि मुख्य म्हणजे इथून उठून कुठे जायचं हे तिला माहीत आहे. तुम्हाला नेमकं काय करायचंय हे ठरलं, तर तुमचाही राजीनामा शहाणपणाचा ठरू शकतो. म्हणून ते आधी करून बघा. मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्था ठाण्यात आहेत. अशा एखाद्या ठिकाणी किंवा तुमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये सुट्टीच्या दिवशी दोन तास मुलांना गोष्टी वाचून दाखवा. एक पावसाळा जाऊ द्या. मुलं यायची थांबली किंवा तुम्हालाच कंटाळा आला, तर पेन्शन न गमावता कळेल. रविवारची वाट पाहायला लागलात, तर तेही कळेल.

आता तुमच्या पत्नी. या सिनेमातली एक गोष्ट मात्र उचलू नका. वातानाबे मुलाला काहीच सांगत नाहीत. सांगायला जातात, पण मुलगा आणि सून त्यांच्याच पैशांचा हिशेब करत असतात, आणि शब्द घशात राहतात. शेवटी मुलाच्या हाती येतं ते पासबुक, शिक्का आणि निवृत्तीची कागदपत्रं. त्याला शोकसभेत इतरांकडून कळतं की बाबांना सगळं माहीत होतं. वातानाबे विधुर होते, ऐकणारं माणूस घरात नव्हतं. तुमच्याकडे ते आहे, त्याच खोलीत आहे, आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून इयरफोन घालता. एखाद्या रविवारी दुपारी टीव्हीवर पूर्ण सिनेमा लावा, दोघांनी मिळून पाहा. सबटायटल्स इंग्रजीत असतील आणि भराभर जात असतील तर थांबवत थांबवत तुम्ही सांगा. सांगताना तुम्ही कुठे अडखळता ते त्यांना दिसेल, तुम्हालाही. त्यांना सिनेमा आवडलाच पाहिजे असं नाही. ‘फार रडका आहे’ म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नका.

झोपेचं मात्र नुसतं सिनेमावर सोडू नका. रात्री तो प्रसंग पाहिल्याशिवाय झोप लागत नाही, भूक कमी झाली आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. हे आठवडेच्या आठवडे चालू असेल तर कुणाशी तरी बोला. ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था 1990 पासून ठाण्यातच आहे, आणि 14416 या सरकारी ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. इतक्या जवळचं माणूस गेल्यावर एखाद्या तज्ज्ञाला भेटणं यात नाट्यमय काही नाही.

राहिला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. नियम तुम्हाला ठाऊक आहेत: वीस वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस. म्हणजे हे दार आज उघडं आहे तसं पुढच्या वर्षीही उघडं असेल. तुम्ही नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले, तेव्हा जुन्या पेन्शनचा हिशेब. पाच वर्षांच्या वेतनवाढी गेल्या की शेवटचा पगार कमी आणि त्यावर बसणारी पेन्शनही कायमची कमी. आज निवृत्त झालात तर किती आणि 58 ला झालात तर किती, हे दोन्ही आकडे पेन्शन शाखेतून लेखी काढून घ्या. कर्जाचा हप्ता आणि मुलीची फी त्याच कागदावर लिहा. तो कागद आधी घरी दाखवा, मला नंतर कळवलंत तरी चालेल.